सत्तर अंशांपर्यंत न पोहोचणारे पाणी : ३० खाटांच्या नर्सिंग होममधील लाँड्रीचे एक प्रकरण

मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी असलेल्या ३० खाटांच्या नर्सिंग होममध्ये एका हिवाळ्यात चादरींबद्दलच्या तक्रारी वाढू लागल्या. चादरी कडक लागतात, अंगाला खाज येते, धुऊन आल्या तरी त्यांना कुबट वास येतो, असे बाळंतिणी आणि त्यांच्यासोबत राहणारे नातेवाईक सांगू लागले. ऑपरेशन थिएटरमधल्या कापडांवर तपकिरी डाग दिसू लागले आणि ड्रायरमधून कपडे अर्धवट ओले निघत असल्यामुळे सकाळी खाटांवर घालायला चादरी कमी पडू लागल्या. व्यवस्थापनाने या सगळ्याचे कारण धुण्याच्या पावडरीत शोधले. पावडर बदलली, काही दिवसांनी पुन्हा बदलली, मग तिचे प्रमाण वाढवले; तक्रारी कमी झाल्या नाहीत आणि खाजेची तक्रार तर वाढली. अखेर एका संध्याकाळी ड्रायरच्या मागून करपल्यासारखा वास आला, तेव्हा लाँड्रीतील सर्व यंत्रे उघडून तपासण्याचे ठरले. त्या तपासणीची, तिच्यातून उलगडलेल्या कारणांची आणि नंतर लावलेल्या व्यवस्थेची ही नोंद आहे. संस्थेची ओळख पटेल असा तपशील दिलेला नाही, आणि त्यावाचून अडणारही नाही, कारण थोड्याफार फरकाने अशी लाँड्री राज्यातल्या अनेक लहान रुग्णालयांत सापडेल.

लाँड्रीची रचना

आपल्याकडील नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते आणि प्रसूतिगृहेही त्याच कायद्याच्या व्याख्येत येतात. या नोंदणीच्या निमित्ताने खाटा, परिचारिका, जागा, प्रसूतिकक्ष यांची पाहणी होते, परंतु लाँड्रीच्या दाराशी पाहणारा माणूस बहुधा थांबत नाही. प्रस्तुत संस्थेची लाँड्री तळमजल्यावर वाहनतळाच्या मागे, जनरेटरच्या शेजारच्या एका अरुंद खोलीत होती. तिथे २० किलो क्षमतेचा, विजेवर पाणी तापवणारा आणि त्याच ड्रममध्ये कपडे पिळणारा वॉशर, १५ किलोचा विजेवर चालणारा ड्रायर, इस्त्रीचे टेबल आणि भिंतीला लावलेले पाणी मृदू करण्याचे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, इतकी सामग्री होती. काम दोघे जण पाहत : वर्षानुवर्षे त्याच खोलीत काम केलेल्या एक मावशी आणि त्यांना उचलाठेवीला मदत करणारे एक मामा. यंत्रांचा वार्षिक देखभाल करार होता आणि करारानुसार दर तीन महिन्यांनी भेट दिल्याच्या सह्याही कागदावर होत्या. एखादी गोष्ट बंद पडली तर बाहेरच्या वायरमनला फोन केला जाई.

तपासणीची सुरुवात यंत्रे उघडण्याऐवजी मावशींशी बोलण्यापासून केली, आणि अर्धे निदान तिथेच झाले असे म्हणायला हरकत नाही. वॉशरच्या दाराच्या काचेवर हात ठेवला तर पूर्वी चटका बसायचा, पावसाळ्यापासून तो बसत नाही, असे त्यांनी सांगितले. पाणी सुटताना पूर्वी भसकन जायचे, आता गुळगुळ करत जाते. पिळताना मशीन वेग घेते, थांबते, पुन्हा वेग घेते आणि शेवटी सोडून देते. ड्रायरचा एक घाणा जेवणाच्या सुट्टीपर्यंत व्हायचा, तो आता चहापर्यंत चालतो. हे तुम्ही कुणाला सांगितले होते का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘सिस्टरांना सांगितलं होतं. वायरमन येऊन बघून गेला. मशीन चालू आहे ना, मग काय बिघडलंय, असं म्हणाला.’

त्या वायरमनच्या वाक्यात या प्रकरणाचे मूळ आहे. वॉशर चालू होता, ड्रम फिरत होता, दिवे लागत होते, कार्यक्रम पूर्ण झाल्याची शिटी वाजत होती. पंखा किंवा मोटार यांच्याबाबतीत चालू असणे आणि काम होणे यांत फारसा फरक नसतो. रुग्णालयातील धुलाईत तो फरक फार मोठा असतो, कारण तिथे यंत्राने कपडे नुसते ओले करून घुसळायचे नसतात. ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवून त्यांतील जंतू मारायचे असतात, आणि ते झाले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

पाणी का तापत नव्हते

ब्रिटनच्या आरोग्य विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णांचे कपडे ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे राहिले पाहिजेत, आणि ड्रममधील सर्व कपडे त्या तापमानाला पोहोचावेत म्हणून भरणीच्या प्रमाणात आणखी ४ ते ८ मिनिटे धरायची असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची सूचना ७१ अंशांना २५ मिनिटे अशी, अधिक सावध आहे. प्रस्तुत वॉशरच्या पडद्यावर ७१ हा आकडा कार्यक्रमात भरलेला होता, आणि म्हणून पाणी ७१ अंशांना जाते असे सर्वांनी गृहीत धरले होते. धुलाईच्या टप्प्याच्या शेवटी सुटणारे पाणी बादलीत धरून त्यात साधा तापमापक बुडवला, तेव्हा पारा ५५ वर थांबला.

कारण शोधायला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा मीटर, पुरेसा ठरला. ड्रम थांबलेला आणि हीटर चालू असताना तीन फेजच्या तारांवरचा प्रवाह मोजला, तर दोन फेजवर सुमारे १७ अँपिअर आणि तिसऱ्यावर शून्य आले. हीटर १२ किलोवॅटचा, म्हणजे ४ किलोवॅटच्या तीन कांड्यांचा होता आणि त्यांतली एक कांडी जळालेली होती. आता याचा हिशेब मांडू. १५ किलो कपड्यांच्या एका घाण्याला सुमारे ७० लिटर पाणी लागते. हिवाळ्यातले २५ अंशांचे पाणी ७१ अंशांपर्यंत न्यायचे, शिवाय भिजलेले कपडे आणि ड्रमचे जड पोलाद तापवायचे, तर साडेचार युनिटच्या आसपास ऊर्जा पाहिजे. तिन्ही कांड्या चालू असताना २५ मिनिटांत ५ युनिट मिळतात, म्हणजे काम भागते; दोनच कांड्यांवर तेवढ्या वेळात सव्वातीन युनिटांच्या थोडे वर मिळतात आणि पाणी पंचावन्नच्या आसपास अडकते. प्रश्न असा की यंत्र ७१ अंश येईपर्यंत थांबले का नाही. उत्तर कार्यक्रमाच्या आतल्या एका मांडणीत होते : तापवण्याची कमाल मर्यादा २५ मिनिटे ठेवलेली होती आणि ती संपली की तापमान गाठलेले असो वा नसो, यंत्र पुढच्या टप्प्यावर जात होते. ही मर्यादा अडकून पडलेला घाणा पुढे ढकलण्यासाठी ठेवलेली असते. हॉटेलच्या टॉवेलांसाठी ती ठीक आहे. रुग्णालयात मात्र तापमान आले नाही तर यंत्राने थांबून इशारा दिला पाहिजे, अशीच मांडणी हवी, आणि बहुतेक व्यावसायिक वॉशरमध्ये ती निवडता येते. यंत्र बसवून देणाऱ्याने ती निवडली नव्हती आणि कुणी तसे सांगितलेही नव्हते.

कांडी पावसाळ्यात जळाली असावी, पण तक्रारी हिवाळ्यात आल्या, यालाही कारण आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी उन्हाने बरेच तापलेले असते आणि तोपर्यंत एका कांडीची उणीव काही अंशी भरून निघत होती. थंडी पडल्यावर ती उघडी पडली.

खार, मीठ आणि पावडर

जळालेली कांडी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढऱ्या खाराचा जाड थर होता. खारामुळे पाणी कमी तापते, असे सर्रास बोलले जाते. विजेच्या कांडीच्या बाबतीत ते नेमके तसे नाही. कांडी घेतलेली वीज उष्णतेत बदलतेच. पण खाराच्या थरामुळे ती उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही, कांडीचे आतले तापमान वाढत जाते आणि शेवटी ती आतून जळते. म्हणजे खार हळूहळू कार्यक्षमता खात नाही, एके दिवशी कांडीच घालवतो. म्हणूनच ‘अजून तर तापतंय’ हा भरवसा फसवा असतो.

विंधन विहिरीच्या पाण्याची कठीणता थेंब मोजण्याच्या साध्या संचाने तपासली, ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे सुमारे ५४० मिलिग्रॅम आली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, आयएस १०५०० प्रमाणे, २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालण्याजोगी मानली जाते. म्हणजे हे पाणी अगदीच टाकाऊ नव्हते. माणसाला चालवून घेता येईल असे पाणी ७० अंशांपर्यंत तापवणाऱ्या यंत्राला सोसत नाही, इतकाच त्याचा अर्थ. मराठवाड्यात पाण्याची निवड करण्याची चैन फारशी कुणाला नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि अशा प्रदेशात टँकर, विंधन विहीर, नळ यांपैकी जे मिळेल ते टाकीत पडते. म्हणूनच सॉफ्टनर घेतलेला होता. मात्र त्याच्यातील राळेला, म्हणजे पाण्यातली कठीणता शोषून घेणाऱ्या दाण्यांना, ठरावीक पाणी गेल्यावर मिठाच्या द्रावणाने पुन्हा ताजे करावे लागते, आणि मिठाची पोती आणण्याचे काम कुणाचे हे कधी ठरलेलेच नव्हते. उन्हाळ्यात मीठ संपले, दाब कमी येतो म्हणून कुणीतरी सॉफ्टनर टाळून पाणी सरळ पुढे सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडला आणि तो तसाच राहिला. सगळ्या साखळीची पहिली कडी ही होती.

कठीण पाण्यात पावडरीचा मोठा भाग पाण्यातल्या क्षारांशीच झुंजण्यात खर्च होतो. मळ निघत नाही म्हणून पावडर वाढवली गेली. वाढलेली पावडर पुरेशी खळबळून निघाली नाही, ती कापडात राहिली, वाळल्यावर चादर कडक झाली आणि घामाने ओल्या पाठीला खाज सुटू लागली. धुतलेल्या ओल्या चादरीवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला तर तो गुलाबी होत होता, म्हणजे पावडरीतली अल्कली कापडात शिल्लक होती. पावडर बदलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण प्रत्येक वाढीव मापाने तक्रार वाढवली.

पाणी सुटेना, कपडे पिळेनात

मावशींनी सांगितलेली ‘गुळगुळ’ शोधायला वॉशरच्या तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडला. आत गॉजचे बोळे, कापूस, चादरींच्या किनारीचे दोरे, चिकटपट्टीचे गोळे, एक मोडकी सुई आणि सलाईनच्या नळीचे टोपण निघाले. व्हॉल्व्हचे रबर यामुळे पूर्ण बसत नव्हते आणि पूर्ण उघडतही नव्हते. परिणाम दुहेरी होता. धुलाईच्या वेळी थोडे गरम पाणी गळून जाई आणि खळबळताना मळके पाणी पूर्ण निघायच्या आत नवीन पाणी भरले जाई. पिळण्याच्या वेळी ड्रम आणि बाहेरच्या टाकीच्या मधल्या फटीत फेस आणि पाणी साचलेले राही, त्याने ड्रमला ब्रेक लागे, कपडे एका बाजूला गोळा होत आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी पूर्ण वेग टाळी. बेल्ट सैल पडलेला होता, त्याने यात भरच घातली.

हे मोजण्यासाठी धान्य मोजायचा साधा ताणकाटा वापरला. कोरडे असताना १० किलो भरलेले कपडे पिळून निघाल्यावर १८ किलोंच्या वर भरले. चांगला पिळणारा वॉशर सुती कपड्यांत त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी ठेवतो, म्हणजे वजन १५ किलोंच्या जवळ यायला हवे होते. उरलेले ३ किलो पाणी ड्रायरमध्ये वाफ करून घालवायचे, तर एका किलोला नुसत्या वाफेसाठी ०.६३ युनिट आणि प्रत्यक्षातील गळती धरता एका युनिटच्या जवळपास वीज जाते. प्रत्येक घाण्याला ३ युनिट वाया जात होते, आणि त्याहून गंभीर म्हणजे ड्रायर त्याच्या आखलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त काळ तापत राहत होता.

सुईबद्दल थोडे वेगळे लिहिले पाहिजे. व्हॉल्व्हमध्ये सुई सापडते याचा अर्थ ती कुणाच्या तरी हातातून गेलेली असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार टोकदार वस्तू पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायच्या असतात आणि त्या जिथे वापरल्या तिथेच, म्हणजे खाटेपाशी किंवा टेबलापाशीच, वेगळ्या करायच्या असतात. चादरीत गुंडाळून आलेली सुई यंत्राचे रबर कापते हे खरेच. पण त्याआधी ती मावशींच्या बोटात शिरू शकते, आणि ही गोष्ट माझ्या मते या प्रकरणातील कोणत्याही यंत्रबिघाडापेक्षा मोठी आहे.

‘डायरेक्ट’ केलेला ड्रायर

ड्रायर मागून उघडला तेव्हा करपल्याच्या वासाचे कारण दिसले. बाहेर जाणारी गरम हवेची नळी घडीच्या ॲल्युमिनियमची होती. यंत्र भिंतीकडे सरकवताना ती चेपली होती आणि तिच्या प्रत्येक घडीत कापसासारखी लव साचलेली होती. हीटरच्या पेटीच्या तळाशीही लव होती व तिचा काही भाग तपकिरी झाला होता. लव अडकते तेव्हा हवा निघत नाही, आतले तापमान वाढते आणि अशा वेळी हीटर बंद करण्यासाठी एक सुरक्षा थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळलेली होती. ड्रायर वारंवार बंद पडतो अशी तक्रार आल्यावर कुणीतरी तो ‘डायरेक्ट’ केला होता. आपल्याकडे हा शब्द दुरुस्ती झाल्याच्या अर्थाने वापरला जातो. थर्मोस्टॅट मात्र आपले काम चोख करत होता आणि हवा अडली आहे हेच पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे ऐकण्याऐवजी त्याला गप्प केले गेले.

प्रसूतिगृहात याला आणखी एक धोका जोडलेला असतो. बाळाची आणि बाळंतिणीची तेलाची मालीश होते, ते तेल दुपट्यांत, लंगोटांत आणि चादरींत मुरते. ५५ अंशांच्या कठीण पाण्यात ते पूर्ण निघत नाही. तेल राहिलेले सुती कपडे ड्रायरमध्ये खूप तापले आणि गरमगरमच ढिगाने रचून ठेवले, तर तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन ढिगाच्या आत उष्णता वाढत जाते आणि ते कुणीही न पेटवता धुमसू शकतात. म्हणूनच ड्रायरच्या शेवटी थंड हवेचा टप्पा असतो, आणि वेळ वाचवण्यासाठी तोच इथे वगळला जात होता. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत दहा बालके गेली, तेव्हापासून राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन सामग्री सुस्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो व या संस्थेकडे तो होता. त्या दाखल्यात नळकांडी, होज आणि पंप तपासले जातात. ड्रायरच्या मागची लव कुणी तपासावी हे त्यात नाही. ते संस्थेलाच ठरवावे लागते.

थिएटरच्या कापडांवरील तपकिरी डाग मात्र करपण्याचे नव्हते. त्वचा स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरहेक्सिडीन कापडात राहिले आणि त्यावर हायपोक्लोराइटचा ब्लीच पडला, की पक्का तपकिरी डाग बसतो आणि तो मग कशानेही निघत नाही. थिएटरच्या कापडांसाठी क्लोरीनऐवजी ऑक्सिजनवर चालणारा ब्लीच वापरणे हा त्यावरचा उपाय आहे. यात यंत्राचा दोष नव्हता.

कपड्यांतून संसर्ग होतो का

संस्थेच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता, कारण त्या काळात संस्थेत संसर्गाची ठळक वाढ दिसली नव्हती. धुतलेल्या कपड्यांतून संसर्ग होण्याच्या घटना थोड्या आहेत, पण ज्या आहेत त्या यंत्राच्या देखभालीशी निगडित आहेत. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात २००६ मध्ये बॅसिलस सेरेयस या जिवाणूचा रक्तसंसर्ग अनेक रुग्णांना झाला, आणि शोध घेता घेता तो रुग्णालयाच्या कपड्यांपर्यंत व धुलाईयंत्रापर्यंत पोहोचला. जर्मनीतील एका बालरुग्णालयात २०१२-१३ मध्ये नवजात बालकांच्या अंगावर क्लेब्सिएला ऑक्सिटोकाचा एकच प्रकार वारंवार सापडत होता. त्याचा उगम बाळांचे मोजे आणि टोपडी धुणाऱ्या घरगुती पद्धतीच्या वॉशिंग मशीनमध्ये, विशेषतः दाराच्या रबरात साचलेल्या पाण्यात आणि पावडरीच्या कप्प्यात मिळाला. सुदैवाने ती बालके आजारी पडली नाहीत. ते यंत्र काढल्यावर जिवाणू सापडणे थांबले.

या दोन घटनांतून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. बॅसिलसचे बीजाणू ७१ अंशांना मरत नाहीत, त्यामुळे नुसत्या तापमानावर विसंबता येत नाही. भरपूर पाण्याने खळबळणे, मळके पाणी पूर्ण सुटणे आणि कपडे त्वरित, पूर्ण वाळणे यांचेही तेवढेच महत्त्व आहे. दुसरे असे की यंत्र स्वतःच जंतूंचे घर होऊ शकते. प्रस्तुत वॉशरच्या दाराच्या रबराच्या घडीत काळा बुरशीचा थर होता आणि रात्री दार घट्ट लावून ठेवण्याची पद्धत होती. ज्या संस्थेत रोज नवजात बाळे जन्माला येतात तिथे हा थर पाहून मन अस्वस्थ होते, आणि व्हायलाच हवे.

दुरुस्तीचा क्रम

सगळे एकदम दुरुस्त करण्याइतकी सवड नव्हती, म्हणून धोक्याच्या क्रमाने काम केले. ड्रायर त्याच दिवशी बंद केला. सुरक्षा थर्मोस्टॅट पुन्हा जोडून, गरम हवा देऊन तो वीज तोडतो की नाही हे तपासले; चेपलेल्या नळीच्या जागी आतून गुळगुळीत पत्र्याची, शक्य तितकी आखूड नळी बसवली आणि यंत्र व भिंत यांच्यामध्ये माणूस जाईल इतकी जागा सोडली. मग वॉशरचा ड्रेन व्हॉल्व्ह, बेल्ट आणि दाराचे रबर झाले. हीटरच्या तिन्ही कांड्या एकत्र बदलल्या, कारण उरलेल्या दोन कांड्यांवरही तेवढाच खार होता आणि त्यांचे आयुष्य फार उरले नव्हते. मात्र नवीन कांड्या बसवण्याआधी सॉफ्टनरमध्ये मीठ भरून, राळ ताजी करून, बायपासचा व्हॉल्व्ह बंद करून त्याची मूठ काढून घेतली. हा क्रम उलटा झाला असता तर नव्या कांड्या पुन्हा त्याच खारात गेल्या असत्या. टाकीत आणि नळ्यांत उरलेला खार सायट्रिक ॲसिडच्या गरम द्रावणाचा रिकामा घाणा फिरवून काढला. ब्लीच आणि ॲसिड एकत्र येऊ नयेत म्हणून त्याआधी आणि नंतर साध्या पाण्याचे घाणे फिरवले, कारण त्या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

काम चालू असताना कपडे बाहेरच्या लाँड्रीत पाठवावे लागले. व्यवस्थापनाला तो खर्च जड वाटला, आणि वॉशर रात्री दुरुस्त करून दिवसा चालवता येईल का अशी विचारणा झाली. ती मान्य केली नाही. अर्धवट दुरुस्त यंत्रावर धुतलेले कपडे कोणत्या दर्जाचे आहेत हे कुणालाच सांगता आले नसते.

वहीत काय लिहायचे

दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ आणि जास्त चर्चा लागली ती नोंदींची पद्धत बसवायला. आधीच्या वहीत ‘मशीन ओके’ असा शिक्का रोज मारलेला होता. तो शिक्का काढून टाकला आणि त्याऐवजी मोजता येणाऱ्या थोड्याच गोष्टी ठेवल्या : रोजच्या पहिल्या घाण्यात सुटणाऱ्या पाण्याचे तापमान, एका ठरलेल्या घाण्याचे पिळल्यानंतरचे वजन, आणि ड्रायरला लागलेला वेळ. ही तीनच मोजमापे पाण्याच्या सुटण्यापासून हीटरपर्यंत आणि बेल्टपासून हवेच्या नळीपर्यंत जवळजवळ प्रत्येक बिघाड लवकर दाखवून देतात. लवेची जाळी प्रत्येक घाण्यानंतर साफ करायची आणि रात्री वॉशरचे दार उघडे ठेवून रबर कोरडे पुसायचे, ही दोन कामे रोजची. पाण्याची कठीणता आठवड्यातून एकदा तपासायची आणि मिठाची मागणी भांडारातून औषधांच्या मागणीबरोबरच जाईल अशी सोय केली, म्हणजे ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही.

वहीत शेवटी एक मोकळा रकाना आहे : ‘आज मशीनमध्ये काय वेगळे वाटले.’ हा रकाना मावशींसाठी आहे. त्यांना फार लिहिता येत नसल्यामुळे त्या सांगतात आणि मामा किंवा पाळीवरच्या सिस्टर लिहितात. व्यवस्थापनातील काहींना तो अनावश्यक वाटला. मला तो सर्वांत आवश्यक वाटतो, कारण काच तापत नाही हे जाणणारा हात या संस्थेत महिनोन्‌महिने होता आणि त्या हाताने सांगितलेली गोष्ट पोहोचण्याची जागा मात्र कुठेच नव्हती. यंत्रासमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाचे कान आणि हात ही देखभालीची पहिली साधने आहेत, आणि त्या माणसाला पगार कमी असतो म्हणून त्याचे निरीक्षण कमी दर्जाचे ठरत नाही.

लाँड्रीची जबाबदारी वायरमनकडून काढून संसर्गनियंत्रण पाहणाऱ्या सिस्टरांकडे दिली, आणि वही दर आठवड्याला त्यांच्या सहीसाठी जाते. तापमान ७१ च्या खाली आले तर तो घाणा पुन्हा धुवायचा, दोनदा खाली आले तर यंत्र थांबवायचे, हा अधिकार मावशींना लेखी दिला आहे. देखभाल करारातही बदल केला. पूर्वीच्या करारात ‘भेट’ मोजली जात होती. आता प्रत्येक भेटीत तिन्ही फेजवरचा प्रवाह, सुरक्षा थर्मोस्टॅट वीज तोडतो का याची चाचणी, बेअरिंगचे ग्रीसिंग आणि मागच्या गळतीच्या भोकाखाली गंज किंवा ग्रीस दिसते का, हे लिहून दिल्याशिवाय सही होत नाही. कोणतीही सुरक्षा वायर ‘डायरेक्ट’ करायची असेल तर ते यंत्र बंद समजायचे, ही अट करारात आणि लाँड्रीच्या भिंतीवर, दोन्ही ठिकाणी लिहिली आहे. एक हीटरची कांडी, दाराचे रबर, ड्रेन व्हॉल्व्हचे रबर आणि बेल्ट इतके सुटे भाग कपाटात ठेवले, कारण जिल्ह्याच्या गावी ते मागवल्यावर यायला वेळ लागतो आणि त्या वेळातच ‘तात्पुरते’ उपाय जन्माला येतात.

खाटेपाशी चादर काढताना ती झटकायची नाही, आत काही राहिले नाही ना हे पाहून घडीत गुंडाळून पिशवीत टाकायची, हे सर्व परिचारिकांना आणि मदतनिसांना पुन्हा शिकवले. लाँड्रीत सापडलेल्या वस्तूंसाठी एक न फुटणारा डबा ठेवला आहे आणि तो महिन्याला विभागप्रमुखांसमोर उघडला जातो, जेणेकरून कोणत्या विभागातून काय येते हे त्यांना दिसावे. रक्ताचे कपडे आधी थंड पाण्यात खळबळायचे, एकदम गरम पाण्यात घालायचे नाहीत, ही जुनी शिस्तही पुन्हा लागू केली, कारण उष्णतेने रक्तातील प्रथिने कापडाला कायमची चिकटतात.

आजची स्थिती आणि राहिलेले प्रश्न

दुरुस्तीनंतर सुटणारे पाणी ७१ अंशांच्या वर येते आणि न आल्यास यंत्र थांबते. १० किलोंचा घाणा पिळून साडेपंधरा किलोंच्या आसपास भरतो, आणि ड्रायरचा वेळ पूर्वीच्या मापावर आला आहे. पावडरीचे प्रमाण मूळ मापावर आणले आणि खाजेची तक्रार थांबली. वॉशरच्या मागच्या बेअरिंगचा आवाज वाढत असल्याची नोंद मोकळ्या रकान्यात आली. तपासल्यावर ऑइल सीलमधून पाणी बेअरिंगपर्यंत जात असल्याचे आढळले आणि दोन्ही भाग ठरवून, एका रविवारी बदलले.

काही गोष्टी मात्र सुटलेल्या नाहीत. मळके कपडे आणि धुतलेले कपडे एकाच दारातून ये-जा करतात; एका बाजूने मळके भरायचे आणि भिंतीपलीकडून स्वच्छ काढायचे असे दोन दारांचे वॉशर त्या अरुंद खोलीत बसत नाही. सध्या मळक्या आणि स्वच्छ कपड्यांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या आहेत आणि मध्ये गाडी व ओटा पुसून घेतला जातो. सॉफ्टनरमधून निघणारे खारे पाणी कुठे सोडायचे हाही प्रश्न आहे, कारण ते मागच्या झाडांना चालत नाही आणि उन्हाळ्यात तेवढे पाणी वाया घालवणे कुणालाच पटत नाही. शेजारच्या जनरेटरची जागा बदलून लाँड्रीची खोली वाढवावी, असा प्रस्ताव संस्थेच्या विश्वस्तांपुढे आहे आणि त्यावर अजून निर्णय झालेला नाही.